आगगाडीतली आग

बेंबळीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, विजेच्या इंजिनात आग नसते. मग 'आगगाडी' हा शब्द पुस्तकातून काढायला नको का?"

माझ्या मते मुळीच नको. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली. इंग्रजी 'रेल्वे'त रूळ दिसतात. फ्रेंच व जर्मन नावांतही लोखंडी वाटच आहे. 'आग' आणि 'गाडी' हे साधे शब्द जोडणाऱ्या आपल्या माणसांची नजर मात्र भट्टीवर गेली. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ दट्ट्या ढकलते. सारे बळ उष्णतेचे! (वाफेच्या बहुतेक इंजिनांत ९० टक्क्यांहून अधिक उष्णता वाया जाई, ही गोष्ट निराळी.)

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई-कुर्ला मार्गावर विजेची गाडी आली. पण वीज येते कोठून? काही पाण्यापासून, काही वाऱ्या-उन्हापासून. परंतु बरीचशी अजून परळीसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळूनच. म्हणजे इंजिनातली आग उठून दूर जाऊन बसली, इतकेच. शिक्षकांनी ऊर्जेचे रूपांतर शिकवताना हा शब्द फळ्यावर जरूर लिहावा आणि आग कोठे गेली ते मुलांनाच शोधू द्यावे.