भंगारात टाकण्याआधी झाकण उघडा

"हा डबा आता भंगारात द्या. चाळीस हजारांत नवा बसवून देतो." दुकानदाराने आमच्या संगणकाचं झाकणही उघडलं नव्हतं. वर्ष विचारलं, मी २०१२ सांगितलं आणि निकाल लागला.

मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्प सादर करायला तीन आठवडे उरलेले. संगणक सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं घ्यायचा आणि जावाचा प्रोग्राम चालू असताना ब्राउझर उघडला की सगळंच गोठायचं. चाळीस हजार म्हणजे तिच्या पुढच्या प्रवेशाची फी. अम्मी म्हणाली, "मशीन बिघडलीय की नुसती म्हातारी झालीय, ते तरी आधी बघ." तीस वर्षं एकच शिवणयंत्र चालवलेल्या बाईचा तो प्रश्न होता. मला पटला.

झाकण उघडलं. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दोन कोअरचा आय३-२१००, चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. थोडं वाचल्यावर कळलं की याच सॉकेटमध्ये, म्हणजे एलजीए ११५५ मध्ये, चार कोअरचा आय५-३४७० बसतो. वापरलेला प्रोसेसर दोन हजारांच्या आत मिळाला.

इथे एक कबुली द्यायला हवी. संगणक संथ झाला की आपण थेट प्रोसेसरला दोष देतो. बहुतेक वेळा खरी अडचण असते हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम. मीही आधी एसएसडी घातली, रॅम आठ जीबी केली. सुरू होण्याचा त्रास तिथेच संपला. पण प्रोग्राम आणि ब्राउझर एकत्र चालवताना दोन्ही कोअर शंभर टक्क्यांवर जात होते. तेव्हा कुठे प्रोसेसर बदलण्याला अर्थ आला. हा क्रम चुकवू नका. कामाच्या वेळी प्रोसेसर पूर्ण भरत नसेल, तर तो बदलून हाती काही लागत नाही.

एक चूक मात्र केलीच. नवा प्रोसेसर बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. मुलगी दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. रात्री उशिरा उलगडा झाला. बोर्ड दुसऱ्या पिढीच्या काळातला, प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. बोर्डाच्या जुन्या बायोसला तो ओळखूच येत नव्हता. पुन्हा जुना आय३ बसवला, शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला, कारण बायोस अद्ययावत होताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. मग नवा प्रोसेसर. सॉकेटमधल्या बारीक पिनांना बोट न लावता तो अलगद ठेवला, वाळलेली जुनी पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, पंख्याचे चारही पाय टक् आवाज येईपर्यंत दाबले. पडदा उजळला. प्रकल्प वेळेत गेला.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे 'जुनं' आणि 'निकामी' हे दोन शब्द एकच झाले आहेत आणि ते काम आपलं आपण केलेलं नाही. इंटेलने ११५५ हे सॉकेट दोनच पिढ्या चालवलं. २०१३ मध्ये पुढच्या पिढीला नवं सॉकेट, म्हणजे नवा मदरबोर्ड. दुसरीकडे एएमडीने २०१६ मध्ये आणलेल्या एएम४ सॉकेटसाठी २०२२ मध्येही नवे प्रोसेसर निघत होते. म्हणजे मनात असेल तर जमतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारतच नाही. आमचा आय५ तिसऱ्या पिढीचा. काम करतो, पण यादीत नाही. आम्ही लिनक्स मिंट घातलं. मुलीचं सगळं काम त्यावर चालतं.

प्रत्येक जुना संगणक वाचवावाच, असा माझा हट्ट नाही. बोर्डावरचे कपॅसिटर फुगले असतील, किंवा बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही बदलावे लागत असतील, तर ती दुरुस्ती नव्हे, हप्त्याहप्त्याने केलेली नवी खरेदी आहे. ज्याचं काम विंडोजवाचून अडतं, त्याने कचेऱ्यांतून निघालेला आठव्या पिढीचा वापरलेला संगणक घ्यावा. तोही नव्यापेक्षा बराच स्वस्त पडतो.

पण हा निर्णय झाकण उघडून, आत काय आहे ते पाहून व्हावा. नुसतं वर्ष विचारून नव्हे. ज्या घरात फी आणि संगणक यांतलं एकच निवडावं लागतं, तिथे दुकानदाराच्या एका वाक्याने एखादीचं शिक्षण मागे पडू शकतं.

जुना आय३ मी कागदात गुंडाळून ठेवला होता. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत याच सॉकेटचा एक संगणक प्रोसेसर गेल्यामुळे बंद पडून होता. आता तो तिथे चालतो आहे.