‘स्वतःच्या हिमतीवर’ उभी राहिलेली वसाहत : एक सोयीस्कर दंतकथा

#थ्रेड

१/ अमेरिकेतील इंग्रज वसाहतींची एक कथा नेहमी सांगितली जाते. मूठभर कष्टाळू माणसे समुद्र ओलांडून आली, त्यांनी जंगल तोडले, घाम गाळला आणि कोणाच्याही मदतीविना ती समृद्ध झाली. कथा प्रेरणादायी आहे. खरी मात्र नाही. व्हर्जिनियातील रोजच्या अन्नाचा आणि श्रमाचा हिशेब मांडला की ती कोसळते.

२/ मे १६०७ मध्ये जेम्सटाऊन वसले. ही वसाहत लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने भागधारकांच्या नफ्यासाठी काढली होती. पहिल्या शंभरेक पुरुषांत अंगमेहनतीची सवय नसलेल्या ‘जंटलमन’ मंडळींचा भरणा मोठा होता. काम न करणाऱ्यास अन्न नाही, असा दंडक जॉन स्मिथला घालावा लागला. कष्ट ही या मंडळींची उपजत वृत्ती असती, तर या दंडकाची गरजच काय होती?

३/ मग ती जगली कशावर? पोव्हाटन लोकांच्या मक्यावर. हा मका कधी तांबे व मणी देऊन मिळवला, कधी धाकदपटशाने नेला. १६०९-१० च्या हिवाळ्यात पोव्हाटनांनी वेढा घातला, तेव्हा सुमारे ५०० वसाहतकरांपैकी साठेकच वाचले. उत्खननात सापडलेल्या, चौदाएक वर्षांच्या मुलीच्या कवटीवर मांस काढल्याच्या खुणा आहेत. शेजाऱ्याचा मका थांबताच ‘स्वावलंबन’ किती टिकले, हे ती कवटी सांगते.

४/ वसाहत तरली ती तंबाखूमुळे. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने नव्या वाणाची लागवड केली. १६१७ मध्ये सुमारे २०,००० पौंड तंबाखू इंग्लंडला गेली. पुढे तंबाखू हेच चलन झाले. कर, दंड आणि पाद्र्याचे वेतनही तिच्यातच मोजले जाई.

५/ हे पीक माणसाला उसंत देत नाही. वाफ्यात रोपे तयार करणे, लावणी, शेंडे खुडणे, बगलफूट काढणे, अळ्या हाताने वेचणे, कापणी, कोठारात टांगून पाने सुकवणे, पिंपांत दाबून भरणे. शिवाय काही वर्षांतच जमिनीचा कस उतरे. मग नवी जमीन हवी, म्हणजेच पोव्हाटनांची आणखी जमीन हवी.

६/ हे काम प्रामुख्याने करारबद्ध नोकरांनी केले. जहाजभाड्याच्या मोबदल्यात साधारण ४ ते ७ वर्षे राबायचे. मालकाला हा करार दुसऱ्यास विकताही येई. सतराव्या शतकात या भागात आलेल्या गोऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण असेच आले. १६१८ पासून भाडे भरणाऱ्यास माणसामागे ५० एकर जमीन मिळू लागली. घाम नोकराचा, सातबारा मालकाचा!

७/ १६२३ मध्ये रिचर्ड फ्रेथॉर्न या तरुण नोकराने आईवडिलांना पत्र लिहिले. वाटाणे आणि पातळ पेज याखेरीज खायला काही नाही, अंगावर धड कपडे नाहीत, मला यातून सोडवा, अशी ती विनवणी होती. ‘संधींच्या भूमी’चे हे वर्णन तिथे राबणाऱ्याने केलेले आहे.

८/ १६१९ मध्ये वीसेक आफ्रिकी बंदिवान व्हर्जिनियात आणून विकले गेले. १६४० मध्ये तीन नोकर एकत्र पळाले आणि पकडले गेले. दोघा युरोपियनांची मुदत चार वर्षांनी वाढली. जॉन पंच या कृष्णवर्णीयास मात्र आजन्म चाकरीची शिक्षा झाली. गुन्हा एकच, शिक्षा दोन. १६६२ मध्ये कायदा झाला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच मालकाची मालमत्ता ठरले.

९/ यावर न्यू इंग्लंडचा दाखला दिला जातो. तिथे कुटुंबे आली, लहान शेती व मासेमारीवर जगली, हे खरे. पण प्लिमथ वसले ते साथीने ओस पडलेल्या पॅटक्सेट गावाच्या जागी. मका कसा पेरावा हे शिकवणारा टिस्क्वांटम त्याच गावचा. शेतेही आयती मिळाली आणि गुरूही.

१०/ दुसरा युक्तिवाद : ‘काळच तसा होता.’ काळ कायदे करत नाही. पंचचा निकाल न्यायासनाने दिला, १६६२ चा कायदा प्रतिनिधींच्या सभेने केला. दोन्ही वेळी निर्णय घेणारी माणसे होती, आणि त्या निर्णयांतून नफा कोणाला होणार हे त्यांना ठाऊक होते.

११/ वसाहतीत कष्ट झालेच नाहीत, असे कोणीही म्हणणार नाही. कष्ट अफाट झाले. प्रश्न एवढाच की ते कोणी केले आणि नाव कोणाचे झाले. फ्रेथॉर्न, पंच आणि मका पिकवणाऱ्या पोव्हाटन स्त्रिया यांना वगळून सांगितलेली ‘कष्टाची गाथा’ हा इतिहास नव्हे. ती मालकाने लिहिलेली जमाखर्चाची वही आहे, आणि तिच्यातून देणेकऱ्यांचे पान फाडलेले आहे.