नकाशा जनतेचा, कुलूप कंपनीचे

जमिनीचा प्रश्न हा समाजवादी चळवळीचा मूळ प्रश्न. परंतु जमीन ज्या नकाशात उतरते, त्या नकाशाचा प्रश्न मात्र चळवळीने बहुतांशी तंत्रज्ञांवर सोपवला आहे. ही चूक आहे. नकाशा कागदावरून संगणकात गेला, आणि तो कोणत्या स्वरूपाच्या फाइलीत साठवला आहे, यावर तो कोणाला वाचता येईल हे ठरू लागले.

शंकुसाखळीने मोजलेल्या गावनकाशाची नक्कल मिळवण्यासाठी हेलपाटे घालावे लागत. पण एकदा हाती आलेली नक्कल कोणत्याही साक्षर माणसाला वाचता येई. फाइलीचे तसे नाही. तिची रचना गुप्त असेल, तर जनतेच्या पैशाने मोजलेली जमीन पाहण्यासाठी जनतेलाच खाजगी कंपनीच्या दारात उभे राहावे लागते.

एस्री या अमेरिकन कंपनीचे उदाहरण बोलके आहे. आपल्या 'शेपफाइल'ची रचना तिने १९९८ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती जगभर रुळली. नंतरच्या 'फाइल जिओडेटाबेस'ची अंतर्गत रचना मात्र तिने प्रसिद्ध केली नाही. स्वतंत्र प्रोग्रामरांना ती तपासून उकलावी लागली, तेव्हा कुठे २०१४ मध्ये 'जीडाल' या मुक्त प्रणालीला ती स्वबळावर वाचता आली. आणि शेपफाइल तरी लोकांच्या सोयीची आहे काय? तिच्यात रकान्याच्या नावाला जागा अवघी दहा बाइट. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. सातबाऱ्यावरील 'क्षेत्र' हा साधा शब्दही तेथे मावत नाही! याउलट २०१४ मध्येच मान्य झालेले 'जिओपॅकेज' हे खुले मानक आहे. त्याची रचना कोणालाही विनामूल्य पाहता येते आणि त्याला ही दहा बाइटांची अट नाही.

हा तांत्रिक तपशील आहे, त्यात राजकारण कशाला, असा युक्तिवाद केला जातो. वनहक्क कायद्याकडे पाहावे. २००६ च्या या कायद्याखालील नियमांनी सरकारी नकाशे आणि उपग्रहचित्रे पुरावा म्हणून मान्य केली आहेत. ग्रामसभेने जीपीएसने मोजलेली हद्द वनखात्याच्या हद्दीवर ठेवून पाहिल्याशिवाय दाव्याची शहानिशा होत नाही. खात्याने नुसते चित्र छापून दिले, तर ती तुलना अचूक होणार कशी? ज्याच्याकडे फाइल त्याचाच शब्द अखेरचा, असा न्याय यातून जन्मतो.

केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये, तर सार्वजनिक माहिती खुली करण्याचे धोरण २०१२ मध्ये स्वीकारले. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे बनवण्याचे क्षेत्र भारतीय कंपन्यांना मोकळे करून दिले. कंपन्यांना जे मोकळे, ते ग्रामसभेला बंद का असावे?

कार्यकर्त्यांनी म्हणून प्रत्येक ग्रामसभेत एकच ठराव मांडावा: गावाचा नकाशा गावाला खुल्या स्वरूपाच्या फाइलीत, विनामूल्य मिळाला पाहिजे. कसेल त्याची जमीन ही घोषणा ज्या पक्षाने दिली, त्याने ज्याची जमीन त्याच्या हाती नकाशा, हेही म्हटलेच पाहिजे.