तेलभक्षी जिवाणू आणि श्रावकाचा यत्नाचार

कारंजा तालुक्यातील कामरगाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथील व्यापाऱ्यास तेलगळती हा परका विषय वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ट्रॅक्टर, मालमोटार वा डिझेल इंजिनातून काढलेले जळके ऑइल जेथे ओतले जाते, तेथील काळवंडलेली माती ही लहानशी तेलगळतीच होय.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले आणि किनाऱ्यावरील खारफुटीपर्यंत पोहोचले. किनाऱ्याच्या सफाईसाठी दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’ वापरण्यात आले. हे कोणतेही जहाल रसायन नव्हे. तेलावर जगणाऱ्या अनेक जातींच्या जिवाणूंचे हे मिश्रण मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाच्या भुकटीत मिसळलेले असते.

हे जिवाणू तेलातील कर्बावर पोसतात. अखेरीस तेलाचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. अन्न संपले की त्यांची संख्या आपोआप घटते. त्यांना हवा, ओलावा, नत्र आणि स्फुरद लागते. म्हणून तेलकट माती वरखाली करून ओलसर ठेवावी लागते. या कामास महिने लागतात. डांबरासारखा जड अंश फार सावकाश विघटित होतो, आणि जळक्या ऑइलमधील शिसे, जस्त यांसारखे धातू तर कोणताही जिवाणू नष्ट करू शकत नाही. म्हणजे क्षणात केलेल्या नुकसानीची भरपाई दीर्घकाळ चालते आणि तरीही काही बाकी उरतेच.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे. निष्कारण भूमी खणणे, पाणी सांडणे यांस प्रमादचर्या म्हटले आहे. जळके ऑइल जमिनीवर वा नालीत ओतणे याहून वेगळे कसे मानावे? त्यात कोणाचाही लाभ नाही. पृथ्वीकायिक, जलकायिक आणि त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या असंख्य जीवांची हानी मात्र निश्चित आहे.

उपाय अल्पखर्ची आहे. ऑइल काढताना खाली घमेले ठेवावे, ते झाकणाच्या पिंपात साठवावे आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे. सांडलेले निस्तरण्यास सूक्ष्म जीव समर्थ आहेत. न सांडण्याची जबाबदारी मात्र विवेक लाभलेल्या मनुष्याचीच आहे.