संगणकाच्या पडद्यावरील मराठी अक्षर

कार्ल्याच्या चैत्यगृहांतील ब्राह्मी लेख सुमारें दोन हजार वर्षांचे आहेत. ते पाहणाऱ्या सर्वांस सारखेच दिसतात. खिळ्यांनीं छापलेल्या पुस्तकाचेंही तसेंच. मुंबईंत १८६९ सालीं निघालेल्या निर्णयसागर छापखान्याचा ग्रंथ लोणावळ्यांत उघडा कीं नागपुरांत, अक्षराचें वळण एकच. संगणकाची रीत मात्र निराळी आहे. घरीं सुबक दिसलेला निबंध शाळेच्या यंत्रावर कोठें जाड, कोठें पुसट, तर कोठें परक्या वळणाचा दिसतो. यांपैकीं कोणता भेद सोसावा व कोणता सोसूं नये, याचा विवेक विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं करावा, असें आम्हांस वाटतें.

संगणक अक्षराचें चित्र पाठवीत नाहीं. केवळ त्याचा क्रमांक पाठवितो. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतांत 'ल' चा क्रमांक सर्वत्र एकच आहे. त्याचें चित्र वाचणाऱ्याच्या यंत्रांतील फाँटावरून तयार होतें. पडदा म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. तींत वेलांटीची वक्र रेषा बसवितांना कडेच्या चौकोनांस फिकट छटा देऊन ती गुळगुळीत भासवावी लागते. विंडोजची प्रवृत्ति रेषा चौकोनांशीं जुळवून ठसठशीत करण्याची, तर ॲपलची मूळ आकार राखून थोडा मऊपणा पत्करण्याची. ब्राउझर बदलल्यानेंही कधीं कधीं फरक पडतो. हा भेद डोळ्यांच्या आवडीचा आहे. तो खुशाल सोसावा. दाट ठिपक्यांच्या नव्या पडद्यांवर तो फारसा जाणवतही नाहीं.

दुसरा भेद मात्र गंभीर आहे. आपल्या मावळांतील 'शेलारवाडी' हें नांव घ्या. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानें मराठीसाठीं देठाचा 'श' व पाकळीचा 'ल' प्रमाण ठरविला. परंतु पुष्कळ फाँट हिंदी वळणच पुढें करतात; मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविली, तरच त्यांपैकीं कित्येकांतील मराठी रूपें प्रकट होतात. याहून मोठा अनर्थ 'ऱ्या' चा. 'र' ची ती आडवी कमान राखण्यासाठीं पुष्कळदां एक अदृश्य जोडचिन्ह लिहिलेलें असतें. एखाद्या यंत्रानें तें गाळलें, कीं मावळच्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्र उसळतो!

कोणी म्हणेल, संदर्भानें अर्थ कळतो. एवढा आग्रह कशास? जाणत्यास कळेल. परंतु जें मूल आज अक्षरें गिरवीत आहे, त्यास पाटीवर एक रूप व पडद्यावर दुसरें दिसलें, तर त्यानें कोणतें खरें मानावें? मुलाचें वळण यंत्राच्या सोयीवर सोडणें योग्य नव्हे.

उपाय अवघड नाहीं. मजकुराची भाषा मराठी नोंदवावी. मराठी वळणाचा फाँट निवडावा. महत्त्वाचा कागद फाँट आंत समाविष्ट करून पीडीएफ रूपानें पाठवावा, आणि त्यापूर्वीं दुसऱ्या एखाद्या यंत्रावर तो वाचून पाहावा. अक्षर थोडें जाड वा पुसट दिसलें तरी चालेल. तें मराठीच दिसलें पाहिजे.