मसुदा

बाळाजी आवजी चिटणीस यांची एक आख्यायिका आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिवाजी महाराजांनी सांगितलेले महत्त्वाचे पत्र लिहावयास सवड मिळाली नाही, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून, जणू काही लिहिलेलेच वाचीत आहोत अशा थाटात, सबंध पत्र अस्खलित म्हणून दाखविले, आणि खरा प्रकार उघडकीस आल्यावर महाराज रुष्ट न होता प्रसन्न झाले, अशी ती कथा. आपण ती प्रतिभेचा चमत्कार म्हणून सांगतो, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनावर नकळत असे बिंबवितो की, ज्याला एकदा लिहिलेल्या मजकुराला पुन्हा हात लावावा लागत नाही तोच खरा लेखक. मला मात्र ह्या कथेचे मर्म निराळे वाटते. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे मसुदे करण्यात, ते धन्याला वाचून दाखविण्यात, खोडण्यात आणि पुन्हा लिहिण्यात घालविली, त्याच्याच जिभेवर न लिहिलेले पत्र असे उभे राहू शकते. तो चमत्कार त्या क्षणाचा नव्हे, त्याआधीच्या सहस्रावधी मसुद्यांचा आहे.

‘मसुदा’ हा शब्द फारसी अमदानीत आपल्याकडे आला आणि कायमचा राहिला. राज्यव्यवहारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी शिवकाली ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला, तरीही मसुदा, तपशील, दाखला, नक्कल ह्या शब्दांनी मराठीतले आपले घर सोडले नाही, ह्याचे कारण त्यांच्यामागे रोजचे काम होते. आधी मसुदा, मग दुरुस्ती, मग पक्के पत्र, मग नोंद, आणि शेवटी मजकूर जेथे संपतो नेमक्या त्या जागी मोर्तब, म्हणजे मागाहून कोणी एक अक्षरही घुसडू नये, अशी ती शिस्त होती. लेखणी शक्य तितकी न उचलता लिहावयाच्या मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हता, शब्दांमध्ये अंतर नव्हते, विरामचिन्हे तर नव्हतीच; ती पुढे अव्वल इंग्रजीत आली, आणि मराठीत ती रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. तेव्हा वाक्य कोठे संपले हे सांगणारी खूण कागदावर नसताना ते वाचणाऱ्यास कळावे, ह्याची सारी जबाबदारी वाक्याच्या घडणीवर येऊन पडे. आज आपल्यापाशी स्वल्पविराम आहे, पूर्णविराम आहे, आणि घडणीकडे मात्र दुर्लक्ष आहे.

हे मी ग्रंथांवरून म्हणत नाही. एका वृत्तपत्राच्या कचेरीत मी नवखा असताना, शिशाच्या खिळ्यांची जुळणी अजून चालू होती त्या दिवसांत, एका वृद्ध मुद्रितशोधकांच्या टेबलाजवळ उभा राहून हे शिकलो. सारे त्यांना नाना म्हणत. माझ्या बातमीतील एका वाक्यावर बोट ठेवून त्यांनी ते मोठ्याने वाचले: ‘पुलाच्या बांधकामाच्या दिरंगाईच्या कारणांच्या चौकशीच्या मागणीचे निवेदन ग्रामस्थांकडून देण्यात आले.’ मग म्हणाले, “ह्यात शुद्धलेखनाची चूक एकही नाही. पण हे तुम्ही घरी आईला सांगाल तेव्हा कसे सांगाल?” मी म्हणालो, “पूल का रेंगाळला याची चौकशी करा, असं गावकऱ्यांनी लिहून दिलं.” नाना म्हणाले, “मग तेच लिहा की.” एवढे बोलून ते पुढच्या गॅलीकडे वळले.

त्या दोन वाक्यांतले अंतर पुष्कळ दिवस माझ्या मनात घोळत राहिले. पहिल्या वाक्यात पाच वेळा ‘च्या’ आला होता आणि एका नामाच्या पाठीवर दुसरे नाम बसविल्यामुळे ‘रेंगाळणे’ हे जिवंत क्रियापद ‘दिरंगाई’ होऊन निपचित पडले होते. आणि ‘देण्यात आले’ ह्या प्रयोगाने ज्यांनी उन्हातून चालत जाऊन निवेदन दिले त्या माणसांना कर्त्याच्या जागेवरून उठवून वाक्याच्या कडेला बसविले होते. ‘करण्यात येत आहे’, ‘निदर्शनास आले आहे’, ‘कार्यवाही करण्यात यावी’ ही कचेऱ्यांची भाषा आता वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि शाळकरी निबंधांतही शिरली आहे. मला ती केवळ कुरूप वाटत नाही, अन्यायाची वाटते. कारण जेथे कर्ता नाही तेथे जाब कोणाला विचारावयाचा?

लांब वाक्य हा मात्र दोष नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 पासून निबंधमालेचे 84 अंक काढले. त्यांतील वाक्ये कधी कधी अर्धे पान व्यापतात, पण मोठ्याने वाचली असता वाट चुकत नाहीत, कारण कर्ता आणि क्रियापद कितीही दूर असले तरी एकमेकांची हाक त्यांना ऐकू येते. लिहिलेले मोठ्याने वाचून पाहावे. जेथे जीभ अडखळते तेथे बहुधा विचारही अडखळलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

मसुद्याच्याही आधीची एक पायरी आहे, आणि ती लेखणी हाती घेण्यापूर्वीची आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले तेव्हा श्रीचक्रधरांच्या आठवणी त्यांनी आपल्या कल्पनेने रंगविल्या नाहीत. ज्यांनी ज्यांनी त्या लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन त्या लिहिल्या. मराठी गद्याचा पाया असा चौकशीवर घातला गेला आहे, ह्याचा मला अभिमान वाटतो. जे माणसाने पाहिले नाही, विचारले नाही, त्याला शब्दांची कितीही कल्हई केली तरी खालचे तांबे दिसावयाचेच.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे, आणि तो पोथ्या लिहिणाऱ्यांसाठी असला तरी लेखकांनीही वाचावा. अक्षर तारुण्यातही फार बारीक काढू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येणार नाही. आणि पानाच्या चहूकडे मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी कडाच झडतील, अक्षर वाचेल, असे ते बजावतात. ह्यात वाङ्मयाचे तत्त्वज्ञान नाही, पण लिहिताना समर्थांची नजर पन्नास वर्षांनंतर ते पान हाती घेणाऱ्या माणसावर आहे. मसुदा आपण आपल्यासाठी करतो, पक्के पत्र त्या माणसासाठी.

आणि हेच आपण मुलांना शिकवीत नाही. मार्गदर्शिकेतला निबंध पाठ करावयाचा, परीक्षेत एकदा उतरवावयाचा, त्यावर लाल शाईचा गुण पडला की तो कायमचा मिटला. आपल्या लिखाणाकडे दुसऱ्यांदा पाहण्याची संधी दहा वर्षांच्या शालेय आयुष्यात मुलाला एकदाही मिळत नाही. वर्षाकाठी वीस निबंधांऐवजी पाचच द्यावेत, पण प्रत्येक निबंध शिक्षकांच्या खुणांसह परत येऊन तीन वेळा लिहिला जावा, आणि गुण तिसऱ्या प्रतीला असावेत, अशी माझी शिक्षणखात्याला कळकळीची विनंती आहे. शिक्षकांचे श्रम वाढतील हे खरे. म्हणूनच निबंधांची संख्या कमी करा असे म्हणतो.

आमच्या शेजारची सातवीतली मुलगी गेल्या पावसाळ्यात ‘पहिला पाऊस’ हा निबंध घेऊन माझ्याकडे आली. पहिल्या प्रतीत सृष्टीने हिरवा शालू नेसला होता आणि बळीराजा आनंदला होता. “तुमच्याकडे पाऊस आला तेव्हा काय झालं?” एवढेच मी विचारले. दुसऱ्या प्रतीत शालू तसाच राहून पत्र्यावरचा आवाज आला. तिसरी प्रत तिने आपण होऊन आणली. तीत शालू नव्हता. पत्र्याला चार ठिकाणी गळती लागली होती, आजी अंधारात पातेली सरकवीत होती, आणि कोणत्या थेंबाखाली कोणते पातेले आहे हे अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून ओळखता येत होते.