फिनलंडमध्ये परदेशी माणसाला काय आवडतं, आणि आता काय बदलतंय?

कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांनी आखाती देशांतल्या कमाईवर घरं बांधली, मुलं शिकवली. आता त्या घरांतली इंजिनिअर, नर्स झालेली मुलं युरोपची चौकशी करतात. त्यात फिनलंडचं नाव वरचेवर निघतं. जागतिक आनंद अहवालात हा देश 2018 ते 2025 अशी सलग आठ वर्षं पहिला आला. 2018 च्या अहवालात तर बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांचा आनंदही वेगळा मोजला होता. त्यातही फिनलंडच पहिला.

एवढ्या थंडीत माणसं खूश कशी? डिसेंबरात हेलसिंकीत सहा तासही उजेड नसतो. जूनमध्ये उलट, दिवस जवळपास 19 तासांचा. रमजान उन्हाळ्यात आला की रोजा फार लांब होतो. पगारातून कर भरपूर कापला जातो आणि खरेदीवरचा मुख्य कर 2024 पासून 25.5 टक्के आहे.

तरीही परदेशी कुटुंबांना तिथे जे आवडतं, त्यातलं बरंचसं याच करातून येतं. शाळा मोफत, आणि शाळेत रोज गरम जेवणही मोफत. हे 1948 पासून चालू आहे, श्रीमंत-गरीब सगळ्यांच्या मुलांना. लहान मुलं एकटी शाळेत जातात, आईच्या जिवाला घोर नसतो. हेलसिंकीचं ऊदी वाचनालय कुणालाही खुलं आहे. तिथे पुस्तकांबरोबर शिलाई मशीनही वापरायला मिळतं. जंगल कुणाच्याही मालकीचं असो, त्यात फिरायला आणि रानबेरी तोडायला परवानगी लागत नाही. हा हक्क परदेशी माणसालाही आहे.

दीनच्या बाबतीतही काही सोयी आहेत. पालकांनी मागणी केली आणि किमान तीन विद्यार्थी असले, तर सरकारी शाळेत इस्लामचा तास घेतला जातो. यामागे जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातून तातार मुस्लिम व्यापारी फिनलंडला आले. धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाल्यावर 1925 मध्ये त्यांची जमात अधिकृतपणे नोंदली गेली. या लहानशा जमातीने आपली भाषा, नमाज, कब्रस्तान सांभाळलं आणि देशाचे नागरिक म्हणूनही नाव कमावलं.

पण तातारांना जे मिळालं, ते आज जाणाऱ्या मुलांना तितक्या सहज मिळेल का? आमच्या मते खरा प्रश्न इथे आहे. 2023 मध्ये आलेल्या सरकारात स्थलांतराला विरोध करणारा फिन्स पक्ष सामील आहे. ऑक्टोबर 2024 पासून नागरिकत्वासाठी पाचऐवजी आठ वर्षं राहावं लागतं. 2025 च्या जूनपासून कामाच्या परवान्यावर असलेल्याची नोकरी गेली, तर नवी शोधायला तीन महिने मिळतात. काही तज्ज्ञांना आणि जुन्या रहिवाशांना सहा. त्यात देशातली बेरोजगारीच दहा टक्क्यांच्या आसपास पोचली आहे. फिनिश भाषा न येणाऱ्याला तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळवणं किती अवघड, हे सांगायला नको.

म्हणजे शाळा तीच, वाचनालय तेच, जंगलही तेच. मात्र तिथे टिकून राहण्याचा भरवसा कमी झालाय. आखातात जाताना आपल्याला माहीत असायचं की एक दिवस परत यायचंय. फिनलंडला जाणारा मात्र बायकामुलांसह स्थायिक व्हायच्या इराद्याने जातो. मुलं फिनिशमध्ये शिकू लागतात, आणि अब्बूची नोकरी गेली की सगळं घर अधांतरी होतं.

मुलांना अडवा असं आम्ही म्हणत नाही. पण एजंट पगाराचा आकडा सांगतो तेव्हा घरच्यांनी पुढचंही विचारावं. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून पदवी घ्यायला 2017 पासून फी आहे, ती किती वर्षांत फिटेल? नोकरी गेली तर हातात किती महिन्यांचा खर्च असेल? फिनिश भाषेचा अभ्यास जाण्याआधीच सुरू करता येईल का? कर्ज काढण्याआधी या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून घ्या, आणि नियम फिनलंडच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा.